गल्लीकडची खिडकी

खडूचा वास आला की पाठोपाठ मला चितेच्या धुराचाही येतो. बनारसला शिक्षणधोरणात एम.ए. करताना, तासातला वाया जाणारा वेळ मोजायला मी मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाजवळच्या एका शाळेत बसायचे. गल्लीतून ‘राम नाम सत्य है’ ऐकू आलं की बाई खडू ठेवायच्या, मुलं उभी राहायची, तिरडी लांब गेली की बाई म्हणायच्या, “हाँ, आगे.” एकदा बाहेर कसलाच आवाज नसताना खिडकीजवळची मुलगी उठली, मागोमाग सगळा वर्ग. खाली एक माणूस पांढरं गाठोडं छातीशी धरून एकटाच घाटाकडे चालला होता. “बच्चे के लिए कोई नहीं बोलता, मैडम,” मुलगी मला म्हणाली. माझ्या हातातलं स्टॉपवॉच चालूच होतं. आता मी तोच विषय शिकवते, आणि वर्ग मध्येच गप्प झाला की बाहेर कुणी दिसू नये म्हणून खिडकीकडे पाठ करून उभी राहते.