भिंतीबाहेरची फांदी

निशिवाकी किनुएबाईंशी कोणी गोड बोललं की त्या आधी त्यातला टोमणा शोधायच्या. चाळीस वर्षं त्यांनी क्योटोच्या त्या अरुंद गल्लीत बसून जुने किमोनो उसवून पुन्हा शिवून दिले. कापड हातात आलं की आधी त्याची उलटी बाजू बघायची, ही हातांची सवय पुढे कानांनाही लागली. गल्लीत सगळे तसेच, पण बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. समोरची म्हणाली, "तुमचं कुत्रं काय खणखणीत भुंकतं हो," की दुसऱ्या दिवशी कुत्रं मागच्या खोलीत. आणि दहातल्या नऊ वेळा बाईंचंच बरोबर निघे, म्हणून तर ही खोड सुटत नव्हती.

घराला लागून दोन चटयांएवढी बाग होती आणि बागेत एक मेपल. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याने लावलेला. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली, झाड मात्र वाढत राहिलं. त्याची एक फांदी भिंतीवरून बाहेर गेली होती, आणि नोव्हेंबरात सगळ्यांत आधी तीच लालभडक व्हायची. मग खोडाकडची पानं पिवळी, आणि अगदी आतली अजून हिरवी. बाई शिवण बाजूला सारून ओसरीवर नुसत्या बसत. या दहा दिवसांसाठीच वर्षभर सुईत दोरा ओवते, असं त्या म्हणत आणि ते खरं होतं.

एप्रिलमध्ये शेजारच्या घरात कुरामोची नावाचे गृहस्थ राहायला आले. लांब उत्तरेचे, होक्काइदोचे, टपालखात्यातून निवृत्त झालेले. बायको आहे म्हणे, पण ती कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. तिथेच बाईंच्या मनात पहिली पाल चुकचुकली.

या गल्लीत सकाळी प्रत्येक जण आपल्या दारापुढे झाडतो आणि शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर पुढे जातो. हातभरच. त्याहून कमी झाडलं तर तुसडेपणा, जास्त झाडलं तर तुमचा कचरा आम्हाला काढावा लागतो असा टोमणा. नोव्हेंबरच्या दहा तारखेला बाईंनी दार उघडलं, तर कुरामोचींनी थेट त्यांच्या उंबरठ्यापर्यंत लख्ख झाडून ठेवलेलं. एक पान शिल्लक नाही. बाईंचा चहा त्या दिवशी गार झाला.

मग त्या दाराच्या फटीतून पाळत ठेवू लागल्या. गृहस्थ झाडण्याआधी वाकून पानं निवडत होते. चांगली लाल, न फाटलेली तेवढीच. ती रुमालात अलगद गुंडाळून घरात नेत होते. रोज. पुरावा, दुसरं काय? गल्लीच्या सभेत रुमाल उघडून दाखवणार, की बघा, या बाईंचं झाड आमच्या दारात काय काय टाकतं ते.

तेरा तारखेला दोघं समोरासमोर आले. कुरामोची तोंडभर हसले आणि म्हणाले, "काय रंगलाय हो तुमचा मेपल. आम्हाला तर घरबसल्या रोज दर्शन होतं."

बाईंनी आभार मानले, कमरेत वाकल्या आणि घरात येऊन माळ्याला फोन लावला.

माळी ओकुदा त्या झाडाला तीस वर्षं ओळखत होता. तो फांदीखाली उभा राहिला आणि करवत काही पिशवीतून काढेना. "पानं गळू द्या, बाई. पंधरा दिवसांचा तर प्रश्न. ऐन रंगात कोणी छाटतं का?"

"त्यांनी सांगितलंय," बाई म्हणाल्या.

"काय सांगितलंय?"

"छान दिसतं म्हणाले."

ओकुदा क्योटोचाच. त्याने पुढे काही विचारलं नाही आणि फांदी उतरवली. बाई तेवढा वेळ आत पाठमोऱ्या बसून राहिल्या. करवतीचा आवाज थांबला तेव्हा त्यांना रडू आलं, आणि शेजाऱ्याचा असा राग आला की रडूही पुरतं आलं नाही.

दोन दिवसांनी कुरामोची दारात उभे. आता आभार मानायला आला असेल मेला, असं मनात म्हणत बाईंनी दार सरकवलं. कुरामोची इतके वाकले की त्यांचं टक्कलच दिसत राहिलं.

"आमचं चुकलं, निशिवाकीबाई. दुसऱ्याच्या घराकडे असं टक लावून बघू नये, हे आम्हाला कळायला हवं होतं. बायकोला अंथरुणातून उठता येत नाही. वरच्या खिडकीतून तिला तेवढी एक फांदी दिसायची. खाली पडलेली पानंही मी तिच्या उशाशी नेऊन ठेवायचो, तुम्हाला न विचारता. आता खिडकीला पडदा लावलाय. पुन्हा त्रास होणार नाही."

बाईंनी ते बोलणं सवयीने उलटून पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्याला दुसरी बाजूच नव्हती. त्यांना भयंकर लाज वाटली, आणि कित्येक वर्षांत केलं नव्हतं ते त्यांनी केलं. मनात होतं तेच तोंडाने बोलल्या.

"आत या ना. चहा घ्या. झाड अजून आहे, बागेतून तर जास्तच छान दिसतं. ताईंनाही आणू या आपण."

कुरामोची चटकन सरळ झाले. सात महिन्यांत गल्लीने त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. इथे कोणी चहाला आत बोलावलं, की त्याचा अर्थ आता निघा.

"नको, नको. उगाच तुमचा वेळ घेतला," असं पुटपुटत ते मागे सरले.

"अहो, मी खरंच म्हणतेय," बाई पायांत चपला न घालताच रस्त्यावर आल्या.

ते ऐकून कुरामोची आणखी ओशाळले. पहिल्यापेक्षाही खाली वाकले, घाईघाईने घरात शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं.