ओर्लाबाईंनी ल्हासा भादरला

ओर्लाबाई टॉर्गर्सन यांनी आपल्या कुत्र्याचं पिल्लू जिवंत सोललं, ही बातमी मे महिन्यातल्या एका शनिवारी अमेरिकेतल्या आमच्या नॉर्डहेम गावात पसरली. पोस्टात ते नुसतंच सोललं गेलं होतं. किराणा दुकानापर्यंत जाताना त्याचे पाय बांधले गेले. चर्चच्या दारात बातमी पोचली तेव्हा ओर्लाबाई सोलता सोलता हसतही होत्या.

सगळं खोटं. पाय कुणी बांधले नव्हते, मी धरले होते. सोललं नाही, भादरलं. आणि ओर्लाबाई हसत नव्हत्या. त्यांना हसताना मी शेजारी असून एकदाच पाहिलंय, बर्फाच्या वजनानं आमचं गॅरेज बसलं तेव्हा.

ओर्लाबाईंनी घराच्या तळघरात तीसेक वर्षं बायकांचं पार्लर चालवलं. दुसरं पार्लर चाळीस मैलांवर आणि मधला रस्ता अर्धं वर्ष बर्फात, त्यामुळे गावातलं एकूण एक डोकं त्यांच्याच ताब्यात. तऱ्हा एकच. केस धुवायचे, रोलर लावायचे, गरम हवेच्या टोपाखाली बसवायचं, वरवर विंचरून फवारा मारायचा, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत डोक्याला हात लावायचा नाही. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलं की पुढे फ्लॉवरचे गड्डे रांगेनं मांडल्यासारखे दिसायचे.

आमच्या गावात तोंडावर कुणी कुणाला वाईट बोलत नाही. त्यासाठी पाठ असते. ओर्लाबाई मात्र तोंडावर बोलायच्या, तेही समोरची बाई ओल्या केसांनी खुर्चीत अडकलेली असताना. "एवढ्याशा केसांना तुला आरसा कशाला हवा?" कुणी कळवळलं तर, "हललीस तर कान जाईल." आर्डिस ब्रेकेच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तर त्या फोनवर बोलत राहिल्या आणि कुरळे करायचं औषध आर्डिसच्या डोक्यावर तसंच राहिलं. केस मुठीत आले. ओर्लाबाईंनी मूठ कचऱ्याच्या डब्यात झटकली आणि विचारलं, "टोपी आहे ना घरी?" लग्नाच्या सगळ्या फोटोंत आर्डिस टोपी घालून उभी आहे. वधूची आई म्हणून नाही, गाडीचा ड्रायव्हर म्हणून ओळखू येते.

पुढे बोटं वाकडी झाली आणि पार्लर बंद पडलं. मागोमाग लेलँड गेला, म्हणजे त्यांचा नवरा. पावाची गाडी चालवायचा, फार बोलायचा नाही. खुर्चीत बसल्या बसल्या गेला, आणि जेवायला येत नाही म्हणून ओर्लाबाई बराच वेळ त्याच्यावर ओरडत होत्या. कुंपणापलीकडून आम्हाला तो रोजचाच कार्यक्रम वाटला.

लेलँडची बहीण मिर्ना फार्गो शहराच्या बाजूला राहते आणि कुत्र्यांच्या प्रदर्शनासाठी लांब केसांची ल्हासा कुत्री वाढवते. या लोकांची एक रीत असते. चांगलं निघेलसं पिल्लू दुसऱ्याच्या घरी वाढायला द्यायचं, अर्धी मालकी स्वतःकडे ठेवायची. मिर्नानं वहिनीला असंच एक पिल्लू आणून दिलं. अर्धं म्हणजे कुठलं अर्धं, हे तिनं सांगितलं नाही, पण खाणारं आणि घाण करणारं अर्धं ओर्लाबाईंच्या वाट्याला आलेलं सगळ्यांना दिसत होतं. अट एकच. कात्री लावायची नाही. केस जमिनीला टेकले पाहिजेत.

"आणि केस बिघडवलेस," मिर्ना आमच्या अंगणातूनसुद्धा ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "तर मी त्याला घेऊन जाईन. परत मागायचा नाही."

ओर्लाबाईंनी त्याचं नाव स्वेन ठेवलं. महिन्याभरात स्वेन लेलँडच्या खुर्चीत झोपायला लागला. त्या खुर्चीत आजवर पाद्रीबुवांनाही बसू दिलं नव्हतं. बाई त्याच्यावर ओरडायच्या तेही लेलँडवर ओरडायच्या त्याच वेळेला, जेवणाच्या. घरात ओरडून घ्यायला पुन्हा कुणीतरी आलं होतं आणि बाईंचा रंग सुधारला होता.

आता ल्हासाचे केस म्हणजे रोज, बट बट उचलून, कातडीपासून विंचरायचं काम. ओर्लाबाईंना हे कोण शिकवणार? त्यांनी स्वेनला आपल्या जुन्या गिऱ्हाइकासारखाच धरला. आठवड्यातून एकदा अंघोळ, गरम हवा, वरून कंगवा, मानेपासून शेपटीपर्यंत पट्टीनं आखल्यासारखा भांग, आणि फवारा. मग आठवडाभर कुणी हात लावायचा नाही. पिल्लू मोठं होताना त्याची लव गळते आणि खालून नवे केस येतात. गळलेली लव बाहेर पडलीच नाही, मुळाशी अडकून बसली. दर धुण्याला आवळत गेली. वरून रेशीम, आतून घोड्याच्या खोगिराखालचा नमदा.

चर्चच्या तळघरातल्या रविवारच्या कॉफीला बाई त्याला काखेत घेऊन यायच्या. आर्डिसनं एकदा लाडानं त्याच्या पाठीत बोटं घातली. ती पहिल्या पेरापाशीच थांबली. "काय मऊ आहे गं," ती म्हणाली. मग येऊन माझ्या कानात म्हणाली, "आत पायपुसणं आहे." मी बायकोला सांगितलं. बायकोनं बहिणीला. पंधरवड्यात ओर्लाबाई सोडून सगळ्या गावाला माहीत, आणि जो तो तोंडावर म्हणतोय, काय चमक आहे, काय भांग आहे. त्या खुश होत्या. गाव त्यांच्याहून खुश होतं.

पिल्लू पाय फाकवून चालायला लागलं. खुर्चीवर उडी मारणं बंद झालं. उचललं की कण्हायचं. "नखरे बंद," बाई म्हणायच्या.

मग मिर्नाचा फोन आला. प्रदर्शनाला जाताना रविवारी वाटेत थांबणार होती. शनिवारी सकाळी ओर्लाबाईंनी पहिल्यांदा कंगवा मुळापर्यंत घातला, म्हणजे घालायला गेल्या. थोड्या वेळानं कुंपणावरून हाक आली.

"रिकामाच आहेस ना? ये, पिल्लू धर."

तळघरात गेलो. स्वेन जुन्या टेबलावर उभा होता. बाईंनी काखेतली बट धरून कंगवा ओढला. पिल्लू किंचाळलं आणि माझ्या अंगठ्याला चावलं.

"मला चावला," मी म्हणालो.

"मग मला चावायला हवा होता का? धर नीट."

तेवढ्यात आर्डिस जिन्यावरून उतरली, हातात लिंबाच्या वड्यांची ताटली. "सहज आले," म्हणाली, आणि बायका ताटकळत बसायच्या त्या खुर्चीत ऐसपैस बसली.

"संध्याकाळपर्यंत बसलं तर सुटेल," ओर्लाबाई म्हणाल्या.

"बसा की," मी म्हणालो. "अंगठा उरला तर मीही बसेन."

त्यांनी पुन्हा ओढलं. कंगव्याबरोबर केसांचा पुंजका आला आणि त्याला खाली रक्त लागलेलं होतं. पिल्लाचा आवाज आता कुत्र्यासारखा राहिला नव्हता.

"ओढ अजून जरा," आर्डिस म्हणाली. "केस ओढल्यानं कुणी मरत नाही, तूच सांगायचीस आम्हाला. हलला तर कान जाईल म्हणून सांग त्याला."

ओर्लाबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि खरोखरच अजून ओढलं. पुन्हा ओढलं. बराच वेळ चाललं हे. आर्डिसनं हातातली वडी ताटलीत परत ठेवली. मग स्वेन ओरडायचा थांबला. डोळे मिटून, ताठ होऊन माझ्या हातात नुसता पडून राहिला. बाईंची वाकडी बोटं कंगव्यावरच थांबली.

"कात्रीनं गाठी तेवढ्या काढल्या तर?" त्यांनी मला विचारलं. त्यांनी कुणाचं मत विचारलेलं मी प्रथमच ऐकलं.

"तर उंदरानं कुरतडलेल्या सतरंजीसारखा दिसेल. मिर्नाला काय डोळे नाहीत?"

"सगळे काढले तर ती नेईल."

"नेईलच. पण असाच ओढत राहिलात तर न्यायला काय उरेल ते बघा एकदा."

त्यांनी कंगवा ठेवला आणि खणातून पुरुषांच्या मानेवर फिरवायचं मशीन काढलं. लेलँडचं होतं. सुरुवात त्यांनी मानेपाशी केली, बरोबर भांगातून. बोटं नीट वळत नव्हती, पण मशीन कातडीला लागू दिलं नाही, एवढं मी कुणालाही सांगेन. ते सगळं एकसंध निघालं, झग्यासारखं. मी ते टेबलावर ठेवलं तर आपल्या आपण उभं राहिलं. दोघांतला कुत्रा कुठला, असा क्षणभर प्रश्न पडला, कारण जे माझ्या हातात उरलं ते पिसं काढलेल्या कोंबडीएवढं होतं, गुलाबी, जागोजागी लाल चट्टे, काखेत जखमा. वासही आला. मागच्या उन्हाळ्यापासूनचं गवताचं कुसळ मांडीत रुतून बसलेलं निघालं.

आर्डिसनं बघून घेतलं, सावकाश, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

"वेगळंच दिसतंय," ती म्हणाली. आमच्याकडे कुरूप बाळ बघितलं की हेच म्हणतात. मग तिला पोस्टात काम आठवलं.

रविवारी सगळ्यांना वाटलं होतं, ओर्लाबाई चर्चला येणार नाहीत. त्या आल्या. कॉफीच्या वेळी स्वेनला काखेत घेऊन तळघरात उतरल्या, लेलँडच्या मोज्यातून शिवलेला अंगरखा त्याच्या अंगात. जखमांवर पिवळं मलम. एकेकानं आपल्या कपात बघायला सुरुवात केली. मोज्याची टाच पिल्लाच्या पाठीवर कुबडासारखी वर आली होती. कुणीतरी नाकातून हसलं, आणि मग ते आवरणं जड जायला लागलं.

मिर्ना तिथेच आली. तिनं अंगरखा दोन बोटांनी वर केला आणि मासळी बाजारात बघावं तसं पिल्लू उलटं सुलटं बघितलं.

"जन्मभर केसांचं काम केलंस ना गं तू?"

ओर्लाबाईंनी पिल्लू काखेत परत घेतलं.

"इतकं चांगलं पिल्लू माझ्याकडे पाच वर्षांत झालं नव्हतं. तुझ्याकडे काही टिकतच नाही. माझा भाऊसुद्धा टिकला नाही."

सगळ्यांनी कपातून माना वर काढल्या. असं तोंडावर बोललेलं चर्चच्या तळघरात ऐकायची सवय नाही, आणि ऐकायला मिळालं म्हणून कुणाला वाईट वाटलं असंही नाही. आर्डिस तर पुढे सरकून उभी राहिली.

"आत्ता नेत नाही मी," मिर्ना म्हणाली. "हे असलं सोबत घेऊन लोकांत कशी जाऊ? ठेव तुझ्याकडे, दोन वर्षं खायला घाल. केस परत आले की येईन आणि घेऊन जाईन. पुन्हा तुझ्या दारात आणणार नाही."

ओर्लाबाईंनी पिल्लाचा अंगरखा नीट खाली ओढला आणि म्हणाल्या, "केस आले की तू येणार असशील, मिर्ना, तर मी केसच येऊ देत नाही."