आईंचं चुकलेलं स्तोत्र

माझ्या सासूबाईंना वाचता येत नव्हतं.

एक अक्षरसुद्धा नाही. आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून जाहीरपणे लिहितेय. त्यांची परवानगी आहे.

"मी गेल्यावर सांग सगल्यांना. तवा मना लाज वाटाची न्हाय."

उत्तनच्या आमच्या चर्चमध्ये येणारे आता म्हणतील, काहीतरीच काय! दर रविवारी मराठी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, स्तोत्र कोण गायचं? आमच्या कतरीनबाय. नाकावर चष्मा, समोर पुस्तक, आणि मध्येच बोटाला थुंकी लावून पान उलटायच्या.

ते पान उलटणं म्हणजे शुद्ध acting होती. स्तोत्र एकाच पानावर असायचं.

मला हे लग्नानंतर दोन महिन्यांनी कळलं. मी शहरात, बेव्हर्ली पार्कच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, M.Com. झालेली. माझ्या माहेरी मिस्सा म्हणजे उशिरा जायचं आणि लवकर निघायचं.

एका शनिवारी दुपारी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, वाळत घातलेले बोंबील उलटले, हात धुतले आणि आत येऊन दाराला कडी लावली.

"बाय, उद्याचं स्तोत्र वाचून दाखव. चष्म्याचा नंबर वाढलाय."

मी म्हटलं, "मग चला ना, शांती नगरला जाऊन डोळे तपासून घेऊ."

त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "तुजा सासरा वाचून दाखवायचा. तो गेला. आता कोन हाय? पास्कलला सांगू नको."

पास्कल म्हणजे माझा नवरा. त्यांचा स्वतःचा मुलगा!

तेव्हापासून दर शनिवारी मी दोनदा वाचायचे आणि तिसऱ्यांदा त्या म्हणायच्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझी M.Com. डिग्री तिथे गार पडायची.

एकदा मी त्यांना चिडवलं, "आई, यातली अर्धी स्तोत्रं तर रडगाणी आहेत. तुम्हाला एवढा आनंद कशाचा होतो?"

"रडतंय कोनापुढं ते बग ना. ज्याच्यापुढं रडता येतं, तो आपला."

मी हसले होते. मला तेव्हा काही कळलं नव्हतं.

मग ईस्टरआधीच्या उपवासकाळातला तो शनिवार आला.

पास्कलची मासेमारीची बोट तीन दिवस परतली नव्हती. वायरलेसवर उत्तर नाही. दुपारी आई नेहमीसारख्या पुस्तक घेऊन समोर बसल्या.

मी भडकले. "आज? आज स्तोत्र सुचतंय तुम्हाला?"

"आजच तर पायजे, बाय."

मी रडत रडत वाचलं. पुस्तकात एकाच रविवारची तीन वेगवेगळ्या वर्षांची वाचनं पाठोपाठ असतात. मी चुकीच्या वर्षाचं पान उघडलं होतं.

हे मला कळलं थेट रविवारी, मिस्सामध्ये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गाणारा आधी एक ओळ म्हणतो. लोक तीच ओळ उत्तर म्हणून देतात. मग एकेक कडवं आणि पुन्हा तेच उत्तर.

लोकांच्या हातातल्या पत्रकावर होतं खोल पाण्यातून देवाला हाक मारणारं स्तोत्र. आईंनी सुरू केलं भलतंच. रडत पेरायला गेलेली माणसं हसत पेंढ्या घेऊन घरी येतात, ते.

कोणी उत्तर दिलं नाही. नुसते कागद सळसळले.

दुसऱ्या कोणी खाली बघून चूक सुधारली असती. आईंच्या समोर पुस्तक उघडं होतं आणि उपयोग शून्य.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मुलगा समुद्रात, आणि आई सगळ्या गावासमोर आनंदाचं गाणं गातेय. माझ्यामुळे.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. पुस्तक मिटलं. डोळेही मिटले. आणि तीच ओळ पुन्हा गायल्या.

या वेळी मागच्या बाकावरून उत्तर आलं. तिथे मासे विकणाऱ्या म्हाताऱ्या बसतात. त्या पत्रक कधी हातात घेत नाहीत. मग हळूहळू सगळं चर्च त्यांच्यामागे गायला लागलं.

घरी जाताना मी माफी मागितली.

"चूक तुजीच," त्या म्हणाल्या. "पन मना तेच पायजे व्हतं."

"आणि पास्कल नाहीच आला तर?"

"तरी गायची. तो देवाच्या हातात हाय, आपनपन हाय. दोन येगले हात थोडीच हायत?"

सोमवारी दुसऱ्या एका बोटीने पास्कलची बोट ओढून आणली. इंजिन बंद पडलं होतं. स्तोत्रामुळे आली, असं आई एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "ओढून आनली त्या पोरांना आदी जेवाला वाढ."

काल रात्री पास्कलला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. बाबा वाचून दाखवायचे ते पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं."

आईंनी आयुष्यभर लपवलं आणि लेकाने ऐकलंच नाही असं दाखवलं. असं आमचं घर.

आज सकाळी त्यांच्या वर्षाच्या मिस्सात स्तोत्र मी गायलं. फादरनी विचारलं, कुठलं? मी तेच सांगितलं.

समोर पुस्तक उघडलं. योग्य पान होतं, दोनदा तपासलं होतं. पण डोळे असे भरून आले की एक अक्षर दिसेना.

आई, आज मलाही वाचता आलं नाही.

मग मी पुस्तक मिटलं. सगळं पाठ होतं. इतके शनिवार मला वाटत होतं, मी तुम्हाला शिकवतेय.

पहिली ओळ म्हणताना मी मध्येच अडखळले. पण मागच्या बाकाने उत्तर दिलं.

शांत झोपा, आई. पुढच्या रविवारीही मीच गाणार आहे.