जावेच्या हातचा घास

मला माझ्या थोरल्या जावेचा राग यायचा. राग कसला, सरळ मत्सरच.

मी शिवऱ्याला हायवेलगतच्या एका कंपनीत पॅकिंगला जायचे. पोरगी सहा महिन्यांची झाली तशी मी कामावर परत गेले आणि दिवसभर तिला जाऊ सांभाळू लागली. तिची स्वतःची मुलं शाळेत जाणारी, त्यामुळे तिचा सगळा जीव माझ्या पोरीवर. पायावर घेऊन तिला न्हाऊ घालायचं, नाचणीचं सत्त्व शिजवायचं, मऊ भात तुपात कुस्करून भरवायचा, सगळं तीच करायची. संध्याकाळी मी दारात चपला काढत असतानाच तिचं सुरू व्हायचं, "आज वाटीभर खाल्लं बग. आन् कणगीला धरून उबी ऱ्हायली!" पोरगी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा मी खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. जाऊ हे कौतुकानंच सांगायची, त्यात तिचं काही चुकत नव्हतं. चुकलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

रात्री अंगावर प्यायला पोरगी माझी. घास मात्र जावेच्याच हातचा. सुट्टीच्या दिवशी मी भरवायला बसले की ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि माझ्या खांद्यावरून मागं जावेला शोधायची. जाऊ लगेच हात पुढं करायची, "आन हिकडं, मी बगते." मी वाटी तिच्याकडे सरकवायचे आणि मोरीत जाऊन भांडी आपटायचे.

दिवाळीनंतर पासलीहून जावेच्या भावाचा फोन आला. भात कापणीला आलं होतं आणि माणसं मिळत नव्हती. जाऊ आठवडाभरासाठी माहेरी निघाली. पोरीचे इतके मुके घेतले की एसटी चुकते की काय असं वाटलं. मी कंपनीत रजा टाकून मोकळी झाले होते. मनात म्हटलं, आता बघतेच.

खरं तर काळजीही होतीच. पोरीला नऊ महिने भरले तेव्हा अंगणवाडीच्या ताईंनी वजन केलं, ते मागच्या महिन्याएवढंच. मध्ये जुलाब होऊन गेले होते, दात येत होते. आता नुसत्या दुधावर भागणार नाही, दिवसातून तीन-चार वेळा घट्टसर खायला घाला, असं त्यांनी बजावलं होतं.

पहिल्या दिवशी पोरीनं तोंडच उघडलं नाही. मी केळं कुस्करलं, रताळं उकडलं, चमचा बदलला, मोबाईलवर गाणं लावलं. घास जिभेनं बाहेर यायचा. दुसऱ्या दिवशी तेच. नुसती अंगावर प्यायची, किरकिर करायची आणि दुपारी मलूल होऊन पडायची. मला भीती वाटत होती, आणि भीतीहून जास्त वाटत होता संताप. नऊ महिने पोटात वाढवली ती मी, आणि हिला माझा हात नको?

गोठ्यात वेगळीच तऱ्हा. आमची म्हैसही जावेच्याच हाताची, दुसरं कुणी धारेला बसलं की लाथ झाडायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरले दीर बायकोची साडी गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन धारेला बसले. आमच्याकडे याचं कुणाला नवल वाटत नाही, म्हैस हेकट असली की बाप्याला नेसावंच लागतं. म्हशीनं साडी हुंगली आणि पान्हा सोडला. मी ओट्यावर बसून पोट धरून हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या मांडीवरच्या पोरीकडं बघत म्हणाल्या, "हसतीस काय? तू बी नेस की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथून उठूनच गेले. पण भाताची वाटी पुन्हा तशीच्या तशी परत आली, तेव्हा ताठा कुठल्या कुठं गेला.

दोरीवरची जावेची दुसरी साडी मी गाऊनवरच नेसले. तिला धुराचा, शेणाचा आणि खोबरेलाचा वास होता. जावेसारखे पाय पसरून बसले, पोरीला घेतलं. तिनं पदरात नाक खुपसलं, वर माझ्या तोंडाकडं बघितलं, परत पदराकडं बघितलं आणि आ केला. वाटी संपली तरी आ करतच होती. मी चाटूनपुसून सगळं भरवलं आणि मग मला रडू फुटलं. पोरगी माझ्याच हातून जेवत होती, पण तिच्या लेखी तो हात माझा नव्हता.

तेवढ्यात जावेचा फोन आला.

"खाती का न्हाई गं पोरगी?"

"खाल्लं की. वाटीभर."

"कुनाच्या हातनं?"

"माझ्या." साडीचं मी काही बोलले नाही.

पलीकडं ती गप्प झाली. मी एवढे दिवस याच क्षणाची वाट बघत होते, आणि तो मी चवीनं ऐकला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. मग आवाज बारीक झाला. "हितं ताट पुढ्यात आलं की पयला घास तिच्यासाठीच मऊ करते बग मी. मग ध्यानात येतं. मलाच ग्वाड लागंना झालंय. कापनी हाय अजून निम्मी, पर... उद्या पयल्या गाडीनं येऊ का?"

घरातली थोरली सून, आणि मला विचारत होती.

मी "या" म्हणाले. पण लगेच म्हणाले नाही. तिला जरा थांबू दिलं आणि मग म्हणाले.