मागच्या रांगेतली मुलगी

कॅथलिक विद्यापीठात प्रार्थनागीतं शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे 'कान' म्हणत. सरांचा स्वतःच्या पियानोवरही विश्वास नव्हता. अलीकडे त्यांच्या गायकवृंदात नाना धर्मांची मुलं आली होती. त्यांतली मागच्या रांगेतली, डोक्याला रुमाल बांधणारी मुलगी नुसते ओठ हलवते, असा सरांना दाट संशय होता. तसं निघालं तर तिला पदवीदानाच्या गाण्यातून काढायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

तालमीत ते मांजराच्या पावलांनी तिच्यामागे जाऊन उभे राहिले. मुलगी छान सुरात गात होती. फक्त 'देवाचा पुत्र तूच' या ओळीला शब्द गाळून तिनं नुसता 'आ'कार लावला.

"सापडलीस! ही ओळ का गं खाल्लीस?"

"मी तसं मानत नाही, सर. खोटं कसं म्हणू? सूर मात्र सोडला नाही."

"आणि ही पुढची मंडळी मानतात वाटतं?"

"ते त्यांनाच विचारा, सर."

सरांनी पदवीदानाच्या गाण्याच्या यादीत तिचं नाव कायम केलं. मग चष्मा सारखा करत ते पुढच्या रांगेकडे वळले.

"तीच ओळ पुन्हा," म्हणाले, आणि एकेकाच्या तोंडाशी कान नेऊ लागले.