काटाबाईंची भरलेली बाटली

काटाबाई पाणी पीत नसत. सकाळी सहाच्या पाळीला येताना त्या घरून स्टीलची बाटली काठोकाठ भरून आणत आणि दुपारी दोनला निघताना ती तशीच्या तशी काटाघरामागच्या कडुनिंबाच्या रोपाला ओतत. मे महिन्यात आमच्या चंद्रपूरकडे सावलीतसुद्धा अंग भाजतं. आम्ही घटकेघटकेला तांब्याभर पाणी ढोसायचो आणि या बाई आठ तास नुसते ओठ ओले करून बसायच्या. मी त्यांचं नाव ‘उंटीण’ पाडलं. लोकांना नावं ठेवण्यात माझा हात कोणी धरत नसे, त्यामुळे ते चाललंही भरपूर.

आमची खाण कोळशाची, घुग्घुसच्या पुढे. भरलेला ट्रक जिथे वजनाला उभा राहतो तो काटा, आणि त्याच्या बाजूची खोली म्हणजे काटाघर. मी तिथला बाबू. बाईंच्या सासऱ्याचं कपाशीचं वावर खाणीत गेलं, त्याबदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. नवरा कंबरेतून अधू, म्हणून नोकरी सुनेच्या नावावर आली. काटाघरात बाई म्हणून त्या पहिल्याच. माहेर सिंदेवाहीकडचं, तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवराचं. लहानपणापासून हातानेच मासळी तोलायची सवय. त्यामुळे ट्रक काट्यावर चढायच्या आत नुसती दबलेली चाकं बघून त्या वजन सांगत, आणि पडद्यावर जवळपास तोच आकडा उमटे.

पहिल्या महिन्यात ड्रायव्हर लोक हसले. दुसऱ्या महिन्यात ‘बाई, वजनाचं जरा पाहून घ्या ना’ म्हणून गोड बोलू लागले. बाई मान वर न करता म्हणत, ‘‘काटा कोनाचं तोंड नाई पाहत भाऊ. मंग मी काऊन पाहू?’’ हे वाक्य आम्ही सगळे एकमेकांना ऐकवायचो. त्यात आपलंही तोंड आहे हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं बोललो.

काटाघराच्या मागे बायकांसाठी बांधलेलं संडास-बाथरूम होतं. बाई येण्याच्या कितीतरी आधी बांधलेलं. तेव्हा वापरणारी कोणी नव्हती, म्हणून मी त्यात जुनी रजिस्टरं ठेवली, मग मोडक्या खुर्च्या, मग कुलूप. किल्ली माझ्या खणात, तंबाखूच्या डबीशेजारी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी खाली बघून विचारलं होतं, ‘‘भाऊ, बायांसाठी कुठी हाय?’’ मी म्हणालो, ‘‘सामान आहे आत. आठ दिवसांत मोकळं करून देतो.’’ पोळ्याच्या सुमाराला त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, ‘‘पाहू.’’ त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. आम्हा पुरुषांचं काय, कोळशाच्या ढिगाआड गेलं की झालं. तपासणीचा कागद आला की त्यावर एक ओळ असे, ‘महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था’. त्या ओळीपुढे मी दर वर्षी ‘आहे’ असं लिहीत असे. खोटं काय होतं त्यात? होतीच की.

अशी चार वर्षं गेली. बाईंची बाटली पिऊन कडुनिंब माझ्या खांद्याला लागला. महिला दिनाला साहेबांनी ठरवलं, कोळशाच्या धुळीत झाड जगवणाऱ्या या बाईंचा सत्कार करायचा. भाषण मी लिहून दिलं. ‘स्वतः तहानलेल्या राहून त्यांनी झाडाला पाणी पाजलं,’ हे वाक्य माझंच. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

त्या सकाळी महिला दिनाचा फलक काढायला मी ते कुलूप उघडलं. फलकही तिथेच ठेवलेला असायचा. मागे बाई उभ्या होत्या. त्यांनी पहिल्यांदाच आत पाहिलं. पांढऱ्या फरशा, धुळीने माखलेल्या, पण पांढऱ्या. हळूच म्हणाल्या, ‘‘आतमंदी नळ बी हाय?’’ मी ‘हो’ म्हणालो, फलक काढला आणि कुलूप लावलं. अर्ध्या तासाने त्याच फलकाखाली साहेबांनी त्यांच्या हातात शाल आणि नारळ दिला.

मे महिन्यात बाई खुर्चीवरून खाली पडल्या. ताप दोन दिवसांचा होता, कोणाला सांगितला नव्हता. जीपमधून मीच त्यांना दवाखान्यात नेलं. किडनीला सूज आली होती. डॉक्टरीणबाईंनी मला दाराशी घेऊन विचारलं, ‘‘या दिवसभर लघवी धरून ठेवतात, पाणी पीत नाहीत. तुमच्याकडे बायकांची सोय नाही का?’’

किल्ली माझ्या खिशात होती.

मी म्हणालो, ‘‘आहे ना.’’

बाई जाग्या होत्या. त्यांनी फक्त तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी मोसंबी घेऊन गेलो. बाईंनी एक मोसंबी तळहातावर तोलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, ‘‘वावर होतं तवाच बरं होतं भाऊ. कपाशी उभी राहे, बांधाच्या आड जाता ये. वावर गेलं त नोकरी भेटली, पन आडोसा गेला.’’ त्यांचं वावर म्हणजे आमचं काटाघर जिथे आहे तीच जागा. चार वर्षं मी त्यांना त्यांच्याच शेतात एक दार उघडून दिलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी खोली रिकामी केली. दोन माणसं लावली, रजिस्टरं हलवली, फरशा घासून घेतल्या. सकाळी सुरू केलं, डबा खायच्या आत संपलं. बाई महिनाभराने आल्या त्या काटा सोडायलाच. डॉक्टरांनी पाळीचं काम बंद सांगितलं होतं. भद्रावतीच्या कार्यालयात टपालावर शिक्के मारायची जागा मिळाली होती. नजरेने वजन सांगणारी बाई आता पाकिटं मोजणार होती. मी घाईघाईने त्यांना मागे नेलं आणि दार उघडून दाखवलं. शाबासकीच हवी असल्यासारखा उभा राहिलो.

बाईंनी नळ सोडून पाहिला, बंद केला.

‘‘किती दिवस लागले भाऊ?’’

‘‘अर्धा दिवस,’’ मी सांगून गेलो.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘‘अर्धाच?’’ एवढं म्हणाल्या, पदराने हात पुसला आणि बस पकडायला निघून गेल्या.

याला आता बरीच वर्षं झाली. काट्यावर दोन मुली आहेत. किल्ली दाराशेजारी खिळ्याला असते. दोघींच्या बाटल्या घरी जाताना रिकाम्या असतात, म्हणून दुपारी दोनला कडुनिंबाला पाणी मी घालतो. त्याची सावली आता बरीच पडते. सगळे डबा घेऊन तिथे बसतात, मलाही बोलावतात. मी आत खुर्चीवरच जेवतो.