ज्ञानोबा सरांच्या गाडीतली जागा

“म्याडम, वजन किती तुमचं?”

ज्ञानोबा सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, एकदम वजन. माझी बदली देवगाव फाट्याच्या पलीकडच्या शाळेत झाली होती. राहायला सेलू, रोजचं अप-डाऊन. त्याच शाळेतले तीन शिक्षक ज्ञानोबा सरांच्या मोटारीतून जातात आणि एक जागा रिकामी आहे, असं कळलं म्हणून विचारायला गेले, तर समोरून ही चौकशी. मी त्रेसष्ट म्हणाले. खरं अडुसष्ट होतं. चाळिशी उलटलेल्या बाईला परक्या माणसानं भर अंगणात वजन विचारलं तर ती दुसरं काय करणार?

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला परिपाठ संपल्यावर सरांनी मुलांची वजनं घ्यायचा काटा व्हरांड्यात मांडला आणि आम्हा मोठ्यांना एकेक करून त्यावर उभं केलं. हा त्यांचा दर महिन्याचा रिवाज होता. माझा आकडा बघून चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, “पाच किलो कुठं ठेवले होते?” सोनवणे सर पोट धरून हसले. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

सरांचं म्हणणं मात्र सरळ होतं. गाडी जुनी, डिकीत गॅसची टाकी, म्हणजे मागचा भार मुळातच जास्त. म्हणून सगळ्यात वजनदार सोनवणे सर पुढे डावीकडे. ते चौऱ्याण्णव. त्यांच्या मागे कदम बाई, पन्नास. उजवीकडे चालवणारे ज्ञानोबा सर शहात्तर आणि त्यांच्या मागे मी. डावीकडे एकशे चव्वेचाळीस, उजवीकडेही तेवढेच. माझं खरं वजन कळल्यावर सरांना केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू! माझ्या वजनानं आनंद झालेला तो एकमेव माणूस.

सर बोरीकडच्या शेतकरी घरातले. शिकवायचे गणित आणि विज्ञान, पण उदाहरणं सगळी बैलगाडीची. “गाडी उलाळ झाली, मागं भार झाला, की जू वर उचलतंय. बैलाचे पाय भुईला ठरत न्हाईत. मोटारीचंबी तेच हाय. बूड जड झालं की म्होरली चाकं हलकी. तुमी चक्र फिरवा, गाडी आपली सरळच जायलीय!” फाट्याच्या अलीकडे एक वळण आहे. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला काळ्या मातीचा चिखल तिथे डांबरावर पसरलेला असतो. त्या वळणाच्या बऱ्याच आधी सर वेग उतरवायचे आणि वळणात ब्रेकला पाय लावायचे नाहीत. “वळणात ब्रेक दाबला की सगळा भार म्होरं पळतो. मागली चाकं सुटत्यात आन् गाडी फिरती. जे काय भ्यायचंय ते वळणाच्या आदी भिऊन घ्यायचं.”

एकदा सोनवणे सरांनी कूलर विकत घेतला आणि तो गाडीच्या टपावर बांधायचा हट्ट धरला. हलकाच तर आहे, म्हणाले. “हलका हाय, पण उंचावर हाय,” ज्ञानोबा सर म्हणाले. “उंचावरचं वजन वळणाला गाडीला कलंडवतंय. तुमी बसा, कूलर टेम्पोनं येईल.” सोनवणे सर आठवडाभर फुगून बसले होते, चौऱ्याण्णव किलोच्या मानानं बरेच.

मला थोडीफार गाडी येत होती. सरांनी शनिवारी शाळा सुटल्यावर समोरच्या मोकळ्या रस्त्यावर माझ्याकडून ती घोटून घेतली. मी कितीही चुकले तरी त्यांचा आवाज कधी चढला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर माझ्या पायाशी, म्हणजे सरांच्या आसनाच्या मागे, ज्वारीची एक लहान पिशवी आली. कुणाला तरी द्यायची असेल असं वाटलं. ती तिथंच राहिली. मग तिच्याशेजारी दुसरी आली. मी त्यांच्यावर पाय ठेवून बसायला लागले. एक तारखेला सर आमची वजनं घ्यायचे, स्वतः मात्र काट्यावर चढायचे नाहीत. “माझं मला म्हाईत हाय,” म्हणायचे.

जानेवारीत तिसरी पिशवी आली, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पिशव्या उजवीकडेच का? मी शाळेत पोचल्या पोचल्या तिन्ही काट्यावर ठेवल्या. अठरा किलो भरल्या. मग सरांना हाताला धरून व्हरांड्यात आणलं. ते नको नको म्हणत होते. काट्यावर आकडा आला अठ्ठावन्न.

“सर, हे काय?”

“पोटात दुखायलंय जरा. जेवण जाईना. धाकटीची बारावी हाय यंदा. तेवढी परीक्षा होऊ द्या, मंग जाऊ दवाखान्यात. आताच घरात कळलं तर पोरगी पुस्तक मिटून बसंल.”

माणूस आतून आटत होता आणि गाडीचा तोल बिघडू नये म्हणून गेलेल्या किलोंच्या जागी ज्वारी भरत होता. मला त्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. दोन महिने मी त्या पिशव्यांवर पाय ठेवून बसले होते. सोनवणे सरांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना परभणीला नेलं. पोटात गाठ निघाली. उशीर झाला, डॉक्टर म्हणाले. धाकटीनं पुस्तक मिटलं नाही. ती दवाखान्यात बापाच्या उशाशी बसून अभ्यास करत राहिली आणि चांगल्या गुणांनी पास झाली.

जूनच्या शेवटी सर गेले. त्याच्या थोडेच दिवस आधी, शाळा उघडली तेव्हा, मुलांना एकदा बघायचं म्हणाले. मी गाडी चालवत होते. सर पुढे डावीकडे बसले, सोनवणे सर मागे. मुलांना भेटून परत निघालो. सेलूत सरांच्या दारात गाडी थांबवली. सोनवणे सरांनी त्यांना धरून उतरवलं. एरवी कुणीही उतरलं की गाडी जराशी वर उचलली जायची. सर उतरले तेव्हा ती जागची हलली नाही.

सरांच्याही ते लक्षात आलं. दाराला टेकून उभे राहत, चाकाकडे बघत म्हणाले, “बगा म्याडम, मी उतरलो ते गाडीला कळलंबी न्हाई.”

“गाडीला नसेल कळलं, सर. आम्हाला कळतंय ना!” मी बोलून गेले, आणि मला पुढचा रस्ता दिसेना.

सर खिडकीशी वाकले. “डोळे पुसा आदी,” म्हणाले. “मंगच गाडी काढा.”

मी डोळे पुसले. त्यांनी नीट बघितलं, मान हलवली, तेव्हाच मी गाडी काढली.